पायाळू मुलीची आई

आष्ट्यात मला सुमन म्हणून फार कुणी ओळखत नसे, पण माझा डावा पाय सगळ्या गावाला ठाऊक होता. मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याकडून न येता पायाकडून आलेली. आमच्या भागात अशी पक्की समजूत होती, की पायाळू माणसाने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरते. उसाची मोळी डोक्यावर घेताना कुणाच्या कमरेत चमक भरायची, कुणाची पाठ विहिरीवर पोहरा ओढताना धरायची. अशी माणसं डॉक्टरकडे जायच्या आधी रविवारी सकाळी आमच्या दारात येऊन बसायची. त्यांनी काही खाल्लेलं नसावं, मीही खाल्लेलं नसावं, असा नियम होता. त्यामुळे रविवार म्हटलं की मला अजूनही आधी भूक आठवते, आणि मग ओसरीवर ओळीने पालथी पडलेली मोठमोठी माणसं.

या सगळ्याचा कारभार थोरल्या काकीकडे. ती वडलांच्या थोरल्या भावाची बायको आणि घरातली कर्ती बाई. वडील फौजेत होते, काका रानात, म्हणून घरात शब्द चालायचा तो काकीचा. ती पदर खोचून उभी राहायची आणि गावच्या पाटलालासुद्धा दरडावायची, "पालथं पडा. त्वांड बंद. बोललं की उतरत न्हाई, मग माझ्या पोरीला नावं ठेवायची न्हाईत." मग माझ्या खांद्याला धरून ती मला एकेकाजवळ न्यायची आणि मी डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेवर तीन वेळा टेकवायची. कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही, घेतलं तर गुण जातो, असं तिचं म्हणणं. आमच्या गणिताच्या मास्तरांनी पाढे चुकले म्हणून मला एकदा बाकावर उभं केलं होतं. त्याच आठवड्यात ते धोतर सावरत आमच्या ओसरीवर पालथे पडले. नियमाप्रमाणे त्यांना बोलता येत नव्हतं आणि मला काही घाई नव्हती. मी त्यांना तीनऐवजी पाच वेळा पाय लावला, तोही जरा जोर देऊन. सोमवारी ते वर्गात ताठ चालत आले आणि महिनाभर मला एकही पाढा विचारला नाही.

पायाळूपणाचे लाड होते तसे जाचही होते. पायाळू माणसाकडे वीज ओढली जाते म्हणतात. आभाळ जरा गडगडलं की शाळेतून मला घरी पिटाळत आणि काकी मला घोंगड्यावर बसवून ठेवायची. बाकीची पोरं चिंचेखाली हुंदडायची आणि मी आत बसून शेंगा फोडायची. पण माज म्हणाल तर भरपूर होता. माझ्या टाचेत काहीतरी आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आज माझं निम्मं आयुष्य माणसांच्या पाठी तपासण्यात गेल्यावर मला ठाऊक आहे, की साधी उसण बहुतेक वेळा चार दिवसांत आपणहून उतरते, आणि कुणी दरडावून घटकाभर गप्प पालथं पाडलं तर जरा लवकर उतरते. तरी मी त्या ओसरीला हसत नाही. दुखणाऱ्या माणसाला कुणीतरी आपल्या पाठीला हात किंवा पाय काहीतरी लावावं असं वाटतंच.

एका पाठीला मात्र माझा पाय कधी लागला नव्हता, आणि ती आमच्या घरातलीच होती. माझ्या आईची कमर मला समजायला लागल्यापासून दुखत होती. ती जमिनीवरून एकदम उठल्याचं मी पाहिलेलंच नाही. आधी कुशीवर व्हायचं, मग एक गुडघा, मग चुलीच्या कडेला हात, आणि मग दातांवर दात धरून सोडलेला बारीकसा श्वास. पहाटे मी अंथरुणात असताना भाकरी थापण्याचा आवाज यायचा. थप थप थप, मग मध्येच शांतता, मग पुन्हा थप थप. ती शांतता म्हणजे आईच्या कमरेतली कळ. किती लांबते यावर मला कळायचं आजचा दिवस कसा जाणार. तिच्या भाकरीबरोबर वांग्याचं कालवण आणि गुऱ्हाळावरून आलेली काकवी असली तर मी तीन तीन भाकरी खायची, आणि ती पाटावर एकाच मांडीवर भार देऊन, एक पाय लांब करून बसायची. वडलांना पत्र लिहायचं काम माझं. ती सांगायची, "लिही, सगळी खुशाल हाय." मी लिहायची.

मी एकदा काकीला विचारलं होतं, मी आईच्या पाठीला पाय लावू का. काकीने माझ्या तोंडावर हातच ठेवला. "जल्म दिलेल्या आईच्या पाठीवर पाय? सात जल्म फिटायचं न्हाई त्ये पाप." चुकून पाय लागला तरी आपण वाकून हात लावून नमस्कार करतो, मग मुद्दाम लावायचा म्हणजे काय. मला ते पटलं. तरी रविवारी परक्यांच्या पाठीवर टाच टेकवताना, स्वयंपाकघराच्या दारात उंबऱ्याला टेकून उभी असलेली आई मला दिसायची. ती माझ्याकडे बघून हसायची. त्या हसण्यात कौतुक होतं आणि आणखी काहीतरी होतं. ते काय, हे मला कळायला सातवीची परीक्षा उलटावी लागली.

त्या वर्षी हळद चांगली आली होती. ती शिजवायची, वाळत घालायची, पॉलिश करायची अशी महिनाभर नुसती धावपळ. आईने त्यात स्वतःला पार झिजवून घेतलं. हळद संपली तेव्हा तिला धड बसता येईना, उभंही राहता येईना. दुपारी माजघरात घोंगडं टाकून ती पालथी पडायची. अशाच एका दुपारी काकी रानात होती आणि घरात आम्ही दोघीच. आईचा डोळा लागला होता. झोपेतसुद्धा तिचं तोंड दुखऱ्या माणसासारखं आवळलेलं होतं. मी तिच्याजवळ बराच वेळ उभी राहिले. मनात आलं, पाप लागेल ते मला लागेल, आराम पडेल तो तिला पडेल. मग आणखी एक शहाणपण सुचलं. लोकांची उसण दोन दिवसांची असते, तिला टाच टेकवली की पुरते. आईचं दुखणं इतक्या वर्षांचं, त्याला तेवढ्याने काय होणार? मी भिंतीला हात टेकला, डावा पाय तिच्या कमरेवर ठेवला आणि दुसरा उचलून सगळा भार त्यावर दिला.

आई दचकून एका अंगावर वळली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी पडले, उठले आणि परड्यात पळाले. गोठ्यामागे कडब्याच्या गंजीत मी संध्याकाळपर्यंत बसून होते. काकीच्या हाका ऐकून घरात आले, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून मुडपून पडली होती. "हंडा उचलाय गेले आन् चमक भरली," ती काकीला सांगत होती. बोलता बोलता तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली. मला वाटलं, झोपेत असल्यामुळे तिला काही कळलेलं नाही. माझ्या जिवात जीव आला, आणि त्याचीच मला पुढे कित्येक वर्षं लाज वाटत राहिली.

त्या दिवसापासून आई सरळ उभी राहिली नाही. कमरेतून उजवीकडे कललेली, हात गुडघ्यावर. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या आणि सुया दिल्या. काकांनी मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरून पाहिला आणि हाडं शाबूत आहेत, मोडलेलं काही नाही, असं सांगितलं. पायाला वजनं बांधून दहा दिवस निजवलं, कमरेला पट्टा दिला. हाडं मोडली नाहीत हे ऐकून मी तिथल्या व्हरांड्यात रडले. पण आई गेली तशीच वाकलेली परत आली. घरात आता कुजबूज सुरू झाली. काकी वाईट नव्हती, पण दोन बायकांचं काम एकटीने ओढून ती चिडचिडी झाली होती. एका जेवणाला तिने माझ्यासमोरच काकांना सांगितलं, "हिला म्हायेरी धाडा. बरी झाली तर यील, न्हाईतर ऱ्हाईल तितंच. सुमी हाय की आता चुलीपुढं बसायला. साळा लय झाली." आई भिंतीला टेकून हे ऐकत होती. माझ्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

आईचं माहेर कवठे महांकाळच्या बाजूला, कोरडवाहू मुलखात. काकांनी निरोप धाडला आणि तिला न्यायला मामा आला. तिच्यापेक्षा लहान, शिडशिडीत, सतत डोक्याचा पटका सोडून पुन्हा बांधणारा. काकीसमोर चहा पिताना तो हळूच म्हणाला, "आमच्याकडं म्हाकूआजी हाय. मेंढरंवाली. तिला एकदा दावतो."

"मिरजंच्या डाक्टरला न्हाई जमलं, त्ये मेंढरं राखणारीला जमतंय व्हय?" काकी म्हणाली.

"जमंल, न जमंल. हात तर लावू द्या तिला, आवं," मामा म्हणाला. परीक्षा होऊन शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून आईचं सामान धरायला मीही निघाले.

एसटीत आईला बसवेना. आष्ट्यापासून थेट शेवटपर्यंत, मध्ये दोन गाड्या बदलून, ती दांडीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. कंडक्टरने जागा करून दिली तरी बसली नाही. मिरज सुटली तसा ऊस मागे पडला, मग हिरवं असं फारसं राहिलंच नाही. बाभळी, काळे दगड आणि मोठ्ठं आभाळ. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते, अजून कित्येक विहिरींचा तळ दिसत होता. मामाच्या घरी पोचलो तेव्हा मामीने हुलग्याचं गरम माडगं पुढे केलं. गूळ घातलेलं, जिऱ्याच्या वासाचं. आईने ते उभ्यानेच प्यायलं, आणि वाटी परत देताना मामीला म्हणाली, "किती वर्षांनी गं." तेवढ्यानेच तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने बैलगाडीत वाकळा अंथरून आईला म्हाकूआजीच्या वाड्यावर नेलं. वाडा म्हणजे मेंढरं कोंडायची काट्यांच्या कुंपणाची जागा. शेजारी एक छप्पर आणि लिंबाचं झाड. मला वाटलं होतं, कुणी अंगात येणारी, मळवट भरलेली बाई असेल. निघाली ती एक बुटकी, काटक म्हातारी, एका बगलेत कोकरू आणि तोंडात तंबाखू. आमच्या आधी एक माणूस गुडघा धरून बसला होता. गुडघा सुजून लाल झालेला. म्हातारीने त्यावर नुसता तळहात धरला, त्याच्या कपाळाला हात लावला आणि हात मागे घेतला. "ह्ये माझ्या हाताचं न्हाई. आत पू हाय. तापलाईस बी. मिरजंला जा, आजच्या आज." तो गयावया करायला लागला, तर तिने मामाला सांगून त्याला रस्त्यापर्यंत सोडायला लावलं. मला तेव्हा वाटलं, हिला काही येत नसावं. आज माझ्यासमोर एखादा पेशंट बसतो आणि मला नुसत्या हाताला कळतं की इथे माझं काम नाही, तेव्हा मी म्हाकूआजीचंच वाक्य जरा सुधारून बोलते. पुष्कळ जणांना ते आवडत नाही.

आईला तिने कुठे दुखतं असं विचारलंच नाही. गाडीतून उतरताना पाहिलं, दहा पावलं चालताना पाहिलं. मग आईची चप्पल काढून घेतली आणि उलटी करून टाचेखालची झीज बोटाने चाचपली. "डाव्या अंगावर भारच घेत न्हाईस तू. किती सालं झाली?"

"हंडा उचलताना झालं," आई म्हणाली. "म्हैना झाला."

"त्ये म्हैन्याचं निराळं. मी आदुगरचं इचारतीया."

म्हातारीने लिंबाखाली घोंगडं टाकून तिला उताणी निजवलं आणि गुडघ्यांखाली गोणपाट गुंडाळून दिलं. मग शेजारी मांडी घालून बसली आणि आपला उजवा तळहात आईच्या कमरेच्या अगदी खाली, माकडहाडाच्या वर, अलगद सरकवला. डावा हात ओटीपोटावर ठेवला. आणि बसून राहिली.

मी वाट बघत होते की आता काहीतरी होईल. आमच्या तालमीत हात निखळलेल्या पैलवानाला वस्ताद झटका देतो, कट असा आवाज येतो आणि पैलवान बोंबलतो, तसं काहीतरी. काहीच झालं नाही. मेंढरं बें बें करत होती, लिंबोळ्या पडत होत्या, म्हातारीने डोळे मिटले होते. तंबाखूची पिचकारीसुद्धा तिने टाकली नाही. भात शिजून व्हावा एवढा वेळ गेला असेल. मी कंटाळून आईच्या पावलांकडे बघत बसले. तिचं उजवं पाऊल नीट होतं, डावं मात्र कायम बाहेर कललेलं, पार जमिनीला टेकलेलं. ते तसंच असायचं, मला ते नेहमीचंच होतं. बघता बघता ते पाऊल हललं. आईने हलवलं नाही, कारण तिचा श्वास झोपेतल्यासारखा संथ होता. कुणीही हात न लावता ते जमिनीवरून हळूहळू वर आलं, थांबलं, आणखी थोडं वर आलं आणि उजव्याच्या बरोबरीने उभं राहिलं. मी मामाकडे पाहिलं. तोही पटका हातात धरून बघत राहिला होता.

त्या क्षणाबद्दल मी पुढे खूप वाचलं. शिकून फिजिओथेरपिस्ट झाले, नोकरी केली, आणि बऱ्याच उशिरा, डोक्याचे केस पांढरे झाल्यावर, ऑस्टिओपॅथी, म्हणजे नुसत्या हातांनी करायचे उपचार, शिकवणाऱ्या एका परदेशी बाईंच्या वर्गात जाऊन बसले. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, तळहात कण्याच्या बुडाशी ठेवा, काही करू नका, ऊतींचं ऐका. बाकीचे विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले. मला लिंबोळ्यांचा वास आला. स्नायू कसे सुटतात, श्वास संथ झाला की मज्जातंतू कसे निवळतात, याची बरीच कारणं मला आता सांगता येतात, आणि त्यातली कुठली खरी याबद्दल शहाणी माणसं अजून भांडतात हेही माहीत आहे. पण ते पाऊल उठताना बघितल्यावर जे वाटलं, ते कारण कळल्याने कमी झालं नाही. मी अजून त्याच आश्चर्यात आहे, आणि साताऱ्यातल्या माझ्या छोट्या दवाखान्यात रोज त्याच ओढीने जाते.

म्हातारीने डोळे उघडले. "बाळंतपणातलं हाय ह्ये," ती आईला म्हणाली. "माकडहाड दुखावलंय तवा, आन् त्याला जपत जपत सगळी कंबर वाकडी धरलीस. मेंढीला आडवं पिल्लू असलं आन् कुणी घाईनं वढलं की अशीच चालती. कुठलं लेकरू?"

तिने डोळे मिटूनच घेतले होते. म्हातारीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ही का? कशी आली ही?"

"पायाकडनं," आई म्हणाली. फार हळू.

मग मला उंबऱ्यातलं ते हसणं कळलं. अख्ख्या गावाची कमर ज्या पायांनी बरी होत होती, त्याच पायांनी येताना मी हिची मोडली होती. आणि बारा वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारीने विचारलं, बोलली का नाहीस, तेव्हा ती म्हणाली, "लोक तिच्याकडं गुण घ्यायला येतात आजी. आईलाच बाधली म्हणलं आस्तं तर पोरीला काय म्हणाले आस्ते?"

माझ्याच्याने राहवेना. "हंडा न्हवता उचलला तिनं," मी म्हणाले. "मी पाठीवर पाय दिला. सगळा भार दिला."

"म्हाईत हाय मला," आई डोळे मिटूनच म्हणाली. "जागी झाले तवा तुजाच पाय हुता की गं."

मी भोकाड पसरलं. मामा उठून मेंढरांकडे निघून गेला. म्हाकूआजीने मला रडू दिलं, मग माझं मनगट धरून खाली बसवलं, माझा हात आपल्या हाताच्या जागी, आईच्या कमरेखाली सरकवला आणि वर म्हणाली, "दाबू नगंस. दाबाया सगळ्यास्नी येतं. मेंढरू सांगतं व्हय कुठं दुखतंय? हाताला इचारायचं आन् गप बसायचं."

आधी नुसता भार होता आणि घाम. माझं नाक वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मग रडणं ओसरलं आणि तळहाताखाली काहीतरी जाणवायला लागलं. दूध उतू जायच्या आधी भांड्यात जी बारीक चाळवाचाळव होते, तशी. आईच्या श्वासाबरोबर ती येत होती, जात होती, आणि दर खेपेला तिची कमर माझ्या हातावर थोडी आणखी सैल पडत होती. ती पूर्वी कधी कुणावर अशी विसावली नसेल. मी हलले नाही. मला वाटतं, मी श्वाससुद्धा तिच्याच श्वासाने घेत होते.

आम्ही पंधरा-वीस दिवस राहिलो. दिवसाआड म्हाकूआजी हात ठेवायची, कधी कुशीवर निजवून मांडी हळूच फिरवायची, कधी बरगड्यांखाली बोटं धरून आईला खोल श्वास घ्यायला लावायची. बाकीचे दिवस तिने आईला मेंढरांमागे चालायला लावलं. पहिल्या दिवशी बाभळीपर्यंत, मग विहिरीपर्यंत, मग माळापर्यंत. "निजून ऱ्हायलीस तर गंजशील," म्हणायची. उठायचं कसं, घागर कुठल्या बाजूला घ्यायची, सगळं दरडावून शिकवलं. एखाद्या दिवशी आई पुन्हा कळवळायची आणि मला वाटायचं सगळं मुसळ केरात. म्हातारी म्हणायची, "बारा सालाचं हाय, बारा दिसांत जातंय व्हय?" आणि ते पूर्ण गेलंही नाही. पुढे हळदीच्या दिवसांत आईची कमर हटकून कुरकुरायची. पण मग ती मला हाक मारायची आणि मी हात ठेवायची. काकीने मला रविवारी ओसरीवर उभं करायचा खूप प्रयत्न केला. मी पाय द्यायला साफ नकार दिला, त्यावरून घरात महाभारत झालं, आणि शाळा मात्र चालू राहिली, कारण चुलीपुढे बसायला आई होती.

निघायच्या दिवशी मामा आम्हाला फाट्यावर सोडून रानात गेला. एसटीला वेळ होता, म्हणून आई रस्त्यापलीकडच्या झाडाखाली दगडावर बसली. बसली होती, हेच मला नवीन होतं. मी फाट्यावरच्या दुकानाशी उभी राहून बिस्किटांच्या बरण्या बघत होते. तेवढ्यात गाडी आली, वेळेआधीच, आणि फाट्यावर हात करणारं कुणी दिसत नाही असं बघून थांबल्यासारखी करून पुढे निघाली. आई उठली. कुशीवर न होता, कशाला न धरता, सरळ उठली. लुगड्याचा घोळ एका हाताने वर धरला, दुसऱ्या हाताने गाठोडं काखेत मारलं आणि "आवं मास्तर, थांबवा, थांबवा की," असं ओरडत रस्त्यावरून पळत सुटली. धुळीत तिची पावलं दोन्ही सारखी पडत होती. गाडी थांबली. आईने गाठोडं आत टाकलं, दांडी धरून पायरीवर चढली आणि मागे वळून बघते, तर मी जिथली तिथे.

"ये की गं," ती धापा टाकत म्हणाली, "काय बघत हुबी ऱ्हायलीस?"

मी आईला पळताना बघत होते. त्याआधी मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं.